बहीण आहे का?

तोझर,
शनिवार, १२ ऑक्टोबर १९९६

ती. दादा यांस,
धाकट्या सालहाचा सा. सलाम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. नेहमीप्रमाणे त्यात वारा कुठून सुटलाय, भरती किती आली, ऑक्टोपस धरायची मडकी कुठल्या दिवशी पाण्यात सोडणार हे सगळं तपशीलवार आहे आणि शेवटच्या ओळीत ‘मी बरा आहे, मंजियाही बरी आहे’. अरे, समुद्राची ख्यालीखुशाली मला काय करायची आहे? मी राहते वाळवंटात. माणसांचं लिहीत जा.

इथे खजुराची तोड जोरात चालू आहे. बलगासेम पंचावन्नाचे झाले तरी स्वतःच झाडावर चढतात. काल मी खाली उभी राहून म्हटलं की एवढी हौस असेल तर तिथेच बिऱ्हाड करा, जेवण दोरीनं वर पाठवते. ते हसले, पण उतरले नाहीत. सासूबाईंचं गुडघेपुराण चालूच आहे. लेकीचं, सिहामचं लग्न उन्हाळ्यात करायचं पक्कं झालं. मुलगा नेफ्ता गावचा, शाळेत मास्तर आहे, घरचे लोक जरा ताठ, पण मुलगा गरीब स्वभावाचा. सिहाम आत्तापासूनच त्याची बाजू घेऊन माझ्याशी भांडते, त्यामुळे मला काळजी नाही.

आता लिहिते ते वाचून चुलीत घाल. वहिनीनं वाचलं तर चालेल, पण तिसऱ्या कुणी नको.

माझ्या डाव्या बाजूला, काखेच्या पुढे, छातीत गाठ आहे. गेल्या रमजानात अंघोळ करताना हाताला लागली. तेव्हा हरभऱ्याएवढी होती, आता चांगली ऑलिव्हएवढी झाली आहे. दुखत नाही. बलगासेमना सांगितलेलं नाही. गावातले डॉक्टर सिहामच्या होणाऱ्या सासऱ्यांचे मावसभाऊ, त्यांच्यापुढे पदर बाजूला करायचा म्हणजे लग्न मोडायची चिठ्ठी आपल्या हातानं लिहून देण्यासारखं. त्या वाईट आजाराचं नाव जरी कुणाच्या तोंडून निघालं ना, तरी मुलीच्या सात पिढ्या धुंडाळतात.

म्हणून तुझ्याकडे मागणं आहे. तू सीदी हम्मूदच्या दर्ग्यावर जा. तुझ्या छातीत पू झाला होता, सगळ्यांनी आशा सोडली होती, तेव्हा सीदींनीच तुला परत आणलं. आज बारा वर्षं झाली, तू ठणठणीत आहेस. माझ्या नावानं नवस बोल. कुठे काय झालंय ते सांगू नकोस, नुसतं सालहाला बरं नाही म्हण. दिव्यातलं तेल आणि चिमूटभर माती पाठव. तू डोळ्यांसमोर आहेस म्हणून मला भीती वाटत नाही.

सोबत खजुराची पेटी पाठवते आहे. वहिनीला सलाम. धाकटीवरची माया आटू देऊ नये.

तुझी,
सालहा


करकना बेट,
गुरुवार, २४ ऑक्टोबर १९९६

चि. सौ. सालहास,
दादाचा सलाम व दुवा. वि. वि.

पत्र आणि खजूर पोचले. पेटी उघडायच्या आत शेजारणी जमल्या. मंजियानं वाटून टाकली आणि वर मलाच म्हणाली की तुमच्या बहिणीचा हात मोठा आहे, तुमच्यावर गेलेली दिसत नाही.

मडकी पंधरा तारखेला पाण्यात सोडली. यंदा ऑक्टोपस बरा लागतो आहे. उथळ पाण्यात मासे अडवायचं झावळ्यांचं कुंपण नव्यानं रोवायला घेतलं होतं, पण दोन दिवस पूर्वेचा वारा होता, फेरीबोटसुद्धा बंद होती. (पुन्हा समुद्राचंच लिहिलं. तू हसशील. पण माझ्याकडे दुसरं काय असतं?) बलगासेमना सांग की झाडावरून पडलेला मेहुणा मला चालणार नाही, मला धडधाकट दिलेला आहे, तसाच ठेवावा.

तू सांगितलंस तसं मी सीदींकडे जाऊन आलो. दर्ग्याचे मुजावर सी अली भेटले. त्यांनी दिव्यातलं तेल दिलं, ते खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरून पाठवतो आहे. बूच मेणानं बंद केलं आहे. माती कागदाच्या पुडीत आहे.

एक गोष्ट सुचवावीशी वाटते. मनाच्या समाधानासाठी एकदा कुणा डॉक्टरला दाखवून घ्यावंस. सफाक्सला एक केंद्र आहे. तिथे बायकाच डॉक्टर असतात, परिचारिकाही माणुसकीच्या आहेत असं ऐकून आहे. तोझरपासून लांब, कुणी ओळखीचं भेटणार नाही. तेल लावच, पण हेही कर. उशीर करू नये असं लोक म्हणतात.

हे पत्र मी तीनदा लिहिलं. हात थोडा आखडतो आजकाल, त्यामुळे अक्षर असं आलं आहे. काळजी करू नकोस. सिहामला आशीर्वाद. दादाची आठवण ठेवत जावी.

तुझा,
ख्मैस


तोझर,
शनिवार, ९ नोव्हेंबर १९९६

ती. दादा यांस,
सा. सलाम वि. वि.

बाटली सुखरूप आली. रोज संध्याकाळी तेल लावते आणि सीदींचं नाव घेते. चार दिवसांतच गाठ मऊ पडल्यासारखी वाटते. डावा हात तेवढा जड वाटतो, तोडीच्या टोपल्या उचलून उचलून असेल.

तुझं ते सफाक्सचं वाचून मात्र मला हसावं की रडावं कळेना. कुठलं केंद्र म्हणतोस ते ठाऊक आहे का तुला? तिथे त्या वाईट आजाराचीच माणसं जातात! आमच्या बागेच्या शेजारणीची जाऊ तिथे गेली होती. परत आल्यावर लोक तिच्या घरचं पाणी पिईनात. त्या दारात मला एकानं जरी पाहिलं तरी सिहामची पाठवणी झालीच म्हणायची, नेफ्त्याला नव्हे, परत माझ्याच स्वयंपाकघरात. आणि तू कधीपासून बायकांच्या दवाखान्यांच्या चौकशा करायला लागलास रे? म्हातारचळ लागला की काय? वहिनीला विचारायला हवं.

खरं सांगू, तू डॉक्टरचं नाव काढलंस तेव्हा मी पत्र घडी करून पिठाच्या डब्यात दडवलं. मग विचार केला, दादाला कुठे केंद्राची गरज पडली? छातीतून भांडंभर पू काढून घरी पाठवलं होतं तुला डॉक्टरांनी, जगवलं सीदींनी. तुला पुरलं ते मला का पुरू नये? एका आईचं दूध प्यालो आपण.

यंदाच्या तुझ्या नवसाच्या जेवणात एक परात माझ्या नावची वाढ. मोठ्यांनी लहानांना विसरू नये.

तुझी,
सालहा


करकना बेट,
शनिवार, १६ नोव्हेंबर १९९६

आदरणीय नजातबहेन यांस,
ख्मैसचा नम्र सलाम. वि. वि.

जानेवारीत केंद्राचा मेळावा आहे, तिथे सगळ्यांत जुना रुग्ण म्हणून मी दोन शब्द बोलावेत असं तुम्ही कळवलं. तुमचा शब्द मोडायची माझी लायकी नाही. तरी मी येणार नाही. का ते सांगायला हे पत्र. तोंडानं सांगायला धीर होत नाही.

उपकार मी विसरलेलो नाही, हे आधी सांगतो. पहिल्या दिवशी मी दारातून आत आलो तेव्हा हॉलमधल्या सगळ्या बायांनी पदर ओढले होते. कुणीतरी म्हणालंसुद्धा की काका चुकून इकडे आले, पुरुषांचं पलीकडे. तेव्हा तुम्ही चादरींच्या कपाटामागे माझ्यासाठी खुर्ची ठेवलीत. महिनाभर मी तिथे बसलो. मग एकदा बायांनीच हाक मारली की काका, तिथे धुण्यासारखे काय पडलाय, इकडे बाकावर या, आणि माझ्या दोन्ही हातांत लोकरीची लड अडकवून गुंडा करायला घेतला. सहा वर्षांपूर्वी आजार हाडात उतरला, तेव्हा दोन महिने मी पाठीवर होतो. माझ्या पायाची नखं तुम्ही कापलीत. मी शरमेनं डोळे मिटून घेतले होते, आणि तुम्ही मला वॉर्डाच्या खिडकीत ऑक्टोपस वाळत घातल्याबद्दल झापत होतात. वास संचालकांच्या खोलीपर्यंत गेला होता म्हणे. त्या दिवसापासून मला जगावंसं वाटलं, एवढंच सांगतो.

आणि तरी, तीन वर्षांपूर्वी, गोळ्या संपल्या म्हणून तुम्ही स्वतः फेरीबोटीनं बेटावर आलात, धक्क्यावर मला हाक मारलीत, तेव्हा माझ्याभोवती चार कोळी उभे होते. मी म्हणालो की बाई, तुमची चूक होते आहे, मी तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही माफी मागितलीत. गोळ्यांची पुडी तिकीटघरात ठेवून त्याच बोटीनं परत गेलात. पुढच्या खेपेला नेहमीसारखं हसलात. मी त्या हसण्यानं मेल्याहून मेलो.

पण आजचं कारण ते नाही. डॉक्टर सामियांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं की मुलगी आहे का, बहीण आहे का. म्हणाल्या, पुरुषाला हा आजार झाला तर घरातल्या बायकांना जास्त जपायला हवं, त्यांना दरवर्षी तपासून घ्यायला सांगा. मला दोन्ही मुलगेच, ते खरं सांगितलं. बहिणीचं विचारल्यावर मात्र मी नाही म्हणालो. परक्या बाईसमोर उघडा बसलो होतो, तेही बायकांच्या आजारासाठी. त्यात माझ्या बहिणीच्या अंगाची चर्चा कुठे करणार, असं वाटलं आणि तोंडातून नाही निघून गेलं. तुम्ही ते लिहून घेतलंत. मग दर तीन महिन्यांनी ती फाईल उघडली जायची आणि मला वाटायचं की आज सांगू. बारा वर्षं गेली.

मला एक बहीण आहे. नाव सालहा, वय एक्कावन्न, तोझरला असते. तिला गाठ आहे, नऊ महिने झाले. मला वाचवलं ते सीदी हम्मूदनी, अशी तिची समजूत आहे, कारण बेटावर सगळ्यांना मी तसंच सांगितलं. ती तेल लावते आहे. तेल मीच पाठवलं.

असा माणूस तुमच्या व्यासपीठावर उभा राहून काय बोलणार? तुमचे उपकार मानायलासुद्धा स्वच्छ तोंड लागतं.

आपला ऋणी,
ख्मैस


सफाक्स,
मंगळवार, १९ नोव्हेंबर १९९६

ख्मैसकाका यांस,
नजातचा सलाम. वि. वि.

पत्र आजच्या बोटीनं आलं, आजच उत्तर देते. उपकार, व्यासपीठ, धक्का हे सगळं नंतर. तुमच्या फाईलमधली ओळ मी खोडून त्यावर सालहा हे नाव लिहिलं. डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या की येत्या मंगळवारी नाही जमलं तर त्यापुढच्या मंगळवारी, पण आणा.

बहिणीला आजच्या आज लिहा. सुचवू नका, सांगा. ‘ऐकून आहे’ असलं काही लिहू नका, सगळं उघड लिहा. आणि नुसतं लिहून थांबू नका, जाऊन घेऊन या. लाज वाटते म्हणून तुम्ही बारा वर्षं घेतलीत, तिच्याकडे बारा वर्षं नाहीत.

एक थेंब जरी आणखी तेल पाठवलंत तर मी स्वतः बेटावर येईन आणि धक्क्यावर मोठ्यांदा तुमची फाईल वाचेन. तुम्हाला ठाऊक आहे, मी वाचेन.

जिवाची काळजी घ्या, औषध चुकवू नका.

नजात


करकना बेट,
शुक्रवार, २२ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. सालहास,
दादाचा सलाम. वि. वि.

हे पत्र एकटी असताना वाच. आज वाऱ्याचं, पाण्याचं काही नाही.

माझ्या छातीत पू झाला नव्हता. तुला जी गाठ आहे तीच मला होती, उजव्या बाजूला, तिथेच. पुरुषालाही होते. क्वचित होते, पण होते. सफाक्सच्या त्याच केंद्रात माझी ती बाजू कापून काढली. सहा वर्षांपूर्वी आजार हाडात उतरला, तेव्हा मी जाळी दुरुस्तीच्या कामाला महदियाला गेलोय असं तुला लिहिलं होतं. मी त्या केंद्रात पलंगावर होतो. आजही दर तीन महिन्यांनी जातो आणि रोज गोळी घेतो. ऑगस्टच्या उन्हात मी अंगात दोन सदरे घालून पाण्यात उतरतो म्हणून तू मला चिडवायचीस. त्याचं कारण हे.

लोकांना काय सांगावं? तुला आपला धक्का माहीत आहे. हस्सूना न्हाव्यानं बायकोसाठी एकदा डोक्यावरून पाण्याचा घडा आणला, तर मरेपर्यंत त्याला हस्सूनाबाई म्हणत होते. मला बायकांचा आजार झालाय हे कळलं असतं तर माझ्या मुलांना त्या धक्क्यावर नाव उरलं नसतं. मंजियानं सीदींना नवस केला होताच. मी सीदींना पुढे केलं आणि त्यांच्या मागे लपलो. दरवर्षी नवसाचं जेवण घालताना लोक मला हात लावून बरकत घेतात आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं. परवा सी अलींना खरं सांगितलं. ते म्हणाले की सीदींनी कधी कुणाला डॉक्टरकडे जाऊ नको म्हटलंय का, त्यांच्या नावावर तू खोटं का खपवलंस?

मला जिवंत ठेवलं ते त्या केंद्रानं, सालहा. तिथल्या बायांनी. त्यांच्याविषयी मी तुला ‘ऐकून आहे’ असं लिहिलं.

आता सगळ्यांत वाईट ते लिहितो. हा आजार रक्तातून बहिणींकडे जाऊ शकतो हे डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला बहीण आहे का, असं विचारलं होतं. मी नाही म्हणालो. तुला दरवर्षी तपासून घ्यायला सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. तू त्या गाठीविषयी लिहिलंस तेव्हाही सांगितलं नाही, बाटलीत तेल भरलं.

तेल थांबव. मी गुरुवारच्या बसनं तोझरला येतो आहे. बलगासेमना तू सांग, नाहीतर मी सांगेन. मला घरात घेऊ नकोस, तोंड पाहू नकोस, हवं तर दारातूनच शिव्या दे, पण सामान बांधून तयार राहा. शुक्रवारी निघू. माझं नंतर काय करायचं ते तू ठरव.

माफी मागायला हात धजत नाही, म्हणून मागत नाही.

ख्मैस


केंद्र, सफाक्स,
गुरुवार, २ जानेवारी १९९७

दादास,
सलाम वि. वि.

सलाम लिहू की नको यात दोन दिवस गेले. शेवटी लिहिला.

बसमध्ये सगळी वाट मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. तू गाफ्साला उतरून माझ्यासाठी संत्री आणलीस, ती मी शेजारच्या बाईला देऊन टाकली. त्यानंतर तीन मंगळवार तू फेरीबोटीनं येऊन बाहेर बाकावर बसून गेलास, आणि मी नजातबाईंना सांगून तुला आत येऊ दिलं नाही. हे सगळं मी मुद्दाम केलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

शस्त्रक्रिया झाली, तुला माहीतच आहे. टाके सुकले. आजार काखेत पोचला होता, म्हणून पुढची औषधं बराच काळ चालतील, केस जातील. डॉक्टर सामियांना मी विचारलं की रमजानात, हरभऱ्याएवढी असताना आले असते तर? त्या कागद चाळत राहिल्या. चांगली बाई आहे, तिला खोटं बोलता येत नाही.

तुझी फाईल मी पाहिली. नजातबाई दाखवत नव्हत्या, मी हट्ट केला. ‘बहीण’ या शब्दापुढचं ‘नाही’ खोडून वर माझं नाव लिहिलंय. शाई अजून नवी दिसते. बारा वर्षं मी ह्या कागदावर जन्मलेच नव्हते. मी रडले नाही, नुसती फाईल बंद करून परत दिली.

रडले ती नंतर, आणि तेही बाकावरच्या बायांमुळे. त्यांना कळलं की मी ख्मैसकाकांची बहीण, तर आधी कुणाचा विश्वासच बसेना. मग एक एक जण येऊन सांगायला लागली. गाबेसची एक दांडगी बाई आहे, ती म्हणाली की तुझ्या भावानं माझा पिच्छा पुरवला, बहिणीला तपासायला आणते असं कबूल करीपर्यंत मला बाकावरून उठू देईना. तिनं आणली. बहिणीला शेंगदाण्याएवढं काहीतरी निघालं, काढून टाकलं, आज ती दोन मुलांना सांभाळते आहे. दुसरी म्हणाली, माझ्या दोघी मुली काकांमुळे दरवर्षी येतात. तिसरीची बहीण यायला तयार नव्हती, तर तू म्हणे तिच्या नवऱ्याला पत्र लिहिलंस. मी विचारलं, माझा भाऊ? पत्रात पाण्याशिवाय काही लिहीत नाही तो? त्या हसल्या. मग गाबेसवाली म्हणाली की आम्ही काकांना एकदा विचारलं होतं, तुम्हाला आहे का हो बहीण? तर काका म्हणाले होते की असती तर खांद्यावर बसवून आणली असती.

दादा, तू जगभरच्या बहिणींना खांद्यावर बसवून आणलंस. मी उशीत तोंड खुपसून पडून राहिले. त्या बिचाऱ्यांना वाटलं, जखम दुखते आहे. नजातबाई इंजेक्शन घेऊन आल्या. मी घेतलं.

त्या रात्री ठरवलं होतं की तुला ह्या जन्मी माफ करायचं नाही. तसं पत्रही लिहून ठेवलं होतं, चांगलं चार पानी, त्यात तुला जे जे म्हटलंय ते मंजियावहिनीला वाचता आलं नसतं. ते फाडलं. का फाडलं ते सांगते, आणि हे सांगण्यासाठीच आज बसले आहे.

डॉक्टरबाईंनी मला विचारलं, मुलगी आहे का. मी हो म्हणाले. तेवढं तरी तुझ्याहून बरं केलं. त्या म्हणाल्या की तिला सगळं सांगा, तिनं आत्तापासून स्वतःकडे लक्ष द्यायचं, दरवर्षी तपासून घ्यायचं. मी म्हटलं, आजच कळवते. सिहामला आम्ही सांगितलंय की आईच्या पित्ताशयात खडे झालेत. बलगासेम कबूल झाले की खरं मीच कळवायचं, आईनं सांगितलेलं बरं.

मी कागद घेऊन बसले. ‘चि. सिहाम’ लिहिलं. मग तिचं लग्न डोळ्यांपुढे आलं, नेफ्त्याची ती ताठ मानेची माणसं आली, आणि मुख्य म्हणजे ती स्वतः आली, आरशापुढे उभी राहून वेणी घालणारी. ह्या पोरीला मी काय सांगू? तुझ्या अंगात मी हे ठेवलंय, असं? तीन दिवस त्याच एका कागदापुढे बसले. मग लिहिलं की इकडे सगळं ठीक आहे, खडे निघाले, आजीच्या गुडघ्याला लेप वेळेवर लाव, आणि तुझी आठवण येते. पाकीट चिकटवलं आणि टपालात टाकायला दिलंसुद्धा.

काल डॉक्टर सामियांनी जाता जाता विचारलं की मुलीला कळवलंत ना. मी म्हटलं, कळवलं.

अगदी सहज म्हटलं रे. जीभ अडखळलीसुद्धा नाही. त्यांनी मान हलवून कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या, आणि मी इथे शरमेनं गार पडले. तुला पत्रात काय काय म्हणाले होते, त्यातला एकही शब्द आता माझ्या तोंडी शोभत नाही.

मंगळवारी मेळावा आहे. तू बोलायचं की नाही ते तुझं तू आणि नजातबाई पाहून घ्या. पण सोमवारीच ये. बलगासेम सिहामला घेऊन येत आहेत, मला भेटायला म्हणून. ह्या खेपेला बाहेर बाकावर बसू नकोस, आत ये आणि माझ्या पलंगावर बस. तिला सांगायला मी तोंड उघडेन, पण माझा भरवसा धरू नकोस, मी पुन्हा खड्यांचंच काहीतरी बोलेन. तेव्हा तू आधी बोल. सदरा काढून दाखवावा लागला तर दाखव. मी तुझा हात धरून बसेन, आणि तू गप्प झालास तर चिमटा काढेन.

राग गेलेला नाही. तोही सोबत असेल, त्याला जागा कर. मायेचं काही मागत नाही, ती तुझ्याकडे आहे हे बाकावरच्या बायांनी सांगितलं.

तुझी बहीण,
सालहा